बिनकाचेचं गेज

पाणी नळातून येतं, एवढंच लोकांना माहीत असतं. ते उलटं परतही जातं असं कुणाला सांगितलं, तर तो आपल्याकडे असा बघतो, जसं काही आपण सकाळी सकाळीच लावून आलोय. पण जातं. समजा, तुम्ही बागेला नळी लावलीय, तिचं टोक खताच्या बादलीत बुडालंय, आणि तेवढ्यात पुढच्या चौकात मोठा पाइप फुटला. रस्त्यातला दाब पडला की तुमच्या घरातलं पाणी मागं ओढलं जातं. बादलीतलं खत नळीत, नळीतून घरच्या पाइपात, तिथून रस्त्यात, आणि मग शेजाऱ्याच्या पेल्यात. हे होऊ नये म्हणून पाइपावर एक झडप बसवतात. ती पाणी पुढं सोडते, मागं सोडत नाही. आम्ही तिला बॅकफ्लो म्हणतो. आत दोन दारं, दोन स्प्रिंगा आणि रबराच्या चकत्या. रबर म्हटलं की ते झिजणारच. म्हणून वर्षातून एकदा कुणीतरी जाऊन ती तपासायची, आणि पास झाली की तिच्या गळ्यात टॅग अडकवायचा. त्यावर तारीख, आकडा, सही.

ते कुणीतरी म्हणजे आम्ही दोघं. मी आणि माझा दादा. मधून नाला वाहतो, त्याच्या अलीकडची घरं त्याची, पलीकडची माझी.

मला हे काम दादानंच शिकवलं. शाळेनं मला आठवीत हात जोडले, आणि दादानं माझ्या हातात पाना दिला. तो माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा, त्यामुळं निम्मा भाऊ आणि निम्मा बाप. मला घायकुत्या म्हणायचा. मी नळी जोडायच्या आधीच आकडा सांगायला जायचो म्हणून. त्याचं सगळं सावकाश. झडपेला चार बारक्या तोट्या असतात, त्यांना गेजच्या, म्हणजे दाब मोजायच्या तबकडीच्या, नळ्या जोडायच्या, आतली हवा काढायची, आणि मग सुई कुठं थांबते ते बघायचं. सुई पाचावर किंवा त्याच्या वर थांबली तर पास, खाली आली तर नापास. पास झाली की बाकीचे टॅग अडकवून चालू पडायचे. दादा नाही. त्याच्याकडं बामाची एक जुनी डबी होती, तिच्यात पिवळं ग्रीस. काम झालं की चारही तोट्यांच्या आट्यांना बोटानं ग्रीस लावायचा आणि वर टोपणं बसवायचा. का, तर पुढच्या वर्षी जो कुणी येईल त्याला आटे गंजलेले सापडू नयेत. मी म्हणायचो, अरे पुढच्या वर्षीही तूच येणार आहेस. तो म्हणायचा, मग मला मी शिव्या देऊ नये म्हणून.

आणि पेन काळंच. निळी शाई उन्हात उडते. "सही उडाली म्हणजे माणूस उडाला," असं म्हणायचा.

आता त्या दिवसाचं सांगतो.

नाल्याच्या अलीकडं एक मास्तरीणबाई राहतात. शाळेतून निवृत्त झालेल्या, पण आवाज अजून वर्गातला. त्यांचा मला फोन आला, की पाइपाच्या पेटीतून तीन दिवस पाणी ठिबकतंय, तुमचे दादा फोन उचलत नाहीत, तुम्ही या. गेलो. फाटकाजवळच्या भिंतीला पेटी. उघडून बघतो तर झडपेच्या गळ्यात दादाचा टॅग, अकरा दिवसांपूर्वीचा. आकडा लिहिलेला पाच. अक्षर असं, की कोंबडीचे पाय बरे. दादाचं अक्षर म्हणजे छापल्यासारखं, आणि इथं सही रेघ सोडून खाली घसरलेली. झडप ठिबकते ती पहिलं दार नीट धरत नसलं की. मी टोपणं काढली, नळ्या जोडल्या. सुई साडेतीनावर.

टोपणं काढताना बोटाला काहीतरी चिकट लागलं होतं. मी ते पँटला पुसलं. हे लक्षात ठेवा, कारण मी ठेवलं नाही.

मागं वळून बघतो तर बागेतली नळी खताच्या निळ्या बादलीत बुडालेली, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत दुधाची बारकी बाटली उपडी घातलेली. बाईंची लेक बाळंतपणाला आलेली होती. चार महिन्यांचं पोर घरात. माझं डोकंच फिरलं. अकरा दिवसांत झडपेचं रबर झिजत नाही हो. म्हणजे हा माणूस आलाच नव्हता. घरी बसून आकडा टाकला, आणि टॅग कुणाच्या तरी हाती पाठवला. बाईंना मी तोंडावर तसं सांगितलं. बाई म्हणाल्या, "अहो, पण त्या दिवशी तर..."

मी म्हटलं, "बाई, तुम्ही त्याची बाजू घेऊ नका. भाऊ माझा आहे."

वर्गात कुणाला मध्ये बोलू न देणारी बाई, तिला मी गप्प केलं. पाणी बंद करून झडप उघडली. चकतीला कडेनं चीर गेली होती, स्प्रिंग मलूल झालेली. दोन्ही बदलली, पुन्हा तपासलं, सुई आठावर. दादाचा टॅग कापून खिशात घातला आणि तसाच त्याच्या घरी गेलो.

भरदुपार. दादा पलंगावर बसून रेडिओ ऐकत होता. साखरेचं दुखणं होतंच त्याला, डोळ्यांसमोर जरा धुरकट येतं असं एकदोनदा म्हणाला होता. त्या वयात कुणाला येत नाही? मी टॅग त्याच्या अंगावर फेकला. तो चादरीवर पडला. दादा हातानं चादर चाचपत राहिला, मला वाटलं वेळ काढतोय. टॅग सापडल्यावर त्यावरून अंगठा फिरवला.

"हा तिथं जाऊन लिहिलास, की इथं पलंगावर बसून?"

"कुणाचा आहे?"

"मास्तरीणबाईंचा. पाच लिहिलंयस. मी साडेतीन बघून आलोय. घरात चार महिन्यांचं पोर आहे, दादा."

त्यानं हात लांबवला. रेडिओ बंद केला. मग म्हणाला, "तुला काय वाटतं?"

"तू गेलाच नाहीस."

वहिनी दारात येऊन उभ्या होत्या, हात पदराला पुसत. त्या काहीतरी बोलणार होत्या. दादानं त्यांच्याकडं न बघता नुसता हात वर केला. आणि मला म्हणाला, "मग तसंच समज."

बास. चाळीस वर्षांचा भाऊपणा तीन शब्दांत आटोपला. मी बाहेर पडलो तेव्हा पायरीशी थांबलो होतो खरं, की हाक मारेल. मारली नाही.

त्याच आठवड्यात त्यानं पाणीखात्यात जाऊन आपला परवाना परत दिला. मला वाटलं, चोर पकडला गेला की दुकान बंद करणारच. आता माझी चूक सांगतो. रागावणं ही चूक नव्हती, रागवायला कारण होतं. चूक पुढं झाली. आमचं एक सुट्या भागांचं दुकान आहे. सकाळी तिथल्या काउंटरवर गावातले सगळे नळकाम करणारे जमतात. चकत्या घेतात आणि एकमेकांची सालं काढतात. तिथं मला विचारलं, तुझ्या दादानं परवाना का टाकला? मी म्हणालो, त्याला उठायला नको, पलंगावरून टेस्ट करतो तो. असे हसले सगळे! जाड्या म्हणून एकजण आहे, तो तर काउंटर बडवत हसला. आणि म्हणाला, पलंगटेस्ट.

झालं. शब्दाला पाय फुटले. कुणी काम चुकवलं की पलंगटेस्ट. कुणाचा टॅग जरा वाकडा दिसला की काय रे, पलंगटेस्ट का? मीही हसायचो. भाऊ माझा, शब्दही माझाच.

आठ महिने मी त्याच्या घराची पायरी चढलो नाही. अहंकार म्हणा, कामाचा रगाडा म्हणा. त्याची घरं माझ्याकडं आली होती. बायको म्हणायची, जाऊन या एकदा. मी म्हणायचो, तो मोठा आहे, त्यानं बोलवावं. मग एका सकाळी वहिनींचा फोन आला, आणि मी पोचलो तेव्हा बोलवणारं कुणी उरलं नव्हतं. साखर मूत्रपिंडात उतरली होती. मला माहीतही नव्हतं.

महिनाभरानं वहिनींनी बोलावलं. म्हणाल्या, ह्यांची कामाची पिशवी घेऊन जा, भावजी. मला ती बघवत नाही, आणि भंगारात घालायला हात होत नाही.

पिशवी तीच, कॅनव्हासची, कोपरे दोऱ्यानं शिवलेले. पाने आकारानं लावलेले. बामाची डबी. आणि फडक्यात गुंडाळलेलं गेज. फडकं सोडलं आणि माझं बोट थेट सुईला लागलं. वरची काच नव्हती. मला आधी वाटलं फुटली. पण नाही, काचेचं कडं नीट आटे फिरवून काढलेलं होतं आणि फडक्याच्या गाठीत बांधून ठेवलेलं. आकड्यांच्या तबकडीवर पाचाजवळ काहीतरी लाल होतं. वाटाण्याच्या निम्म्याएवढा उंचवटा. दोनाजवळ एक, आठाजवळ एक. नेलपॉलिश. थरावर थर देऊन वाळवलेलं.

"वहिनी, हे काय?"

"माझंच आहे ते," त्या म्हणाल्या. "भाचीच्या लग्नात घेतलं होतं. एकदाच लावलं. ह्यांनी सगळी बाटली त्याच्यात संपवली."

मग त्या खाली बसल्या आणि सांगत राहिल्या. मी मध्ये बोललो नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

परवाना परत देण्याआधीचं दीड वर्ष दादाला दिसत नव्हतं. उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. आधी एक डोळा गेला, मग दुसरा. सगळ्यांना सांगितलं गाडीचा क्लच गेलाय, आणि चालत कामाला जायला लागला. वहिनी बरोबर. पण फाटकापर्यंतच. फाटकाशी त्यांचा हात सोडायचा, पाठ ताठ करायचा आणि आत जायचा. पेट्या त्याला तोंडपाठ, वीस वर्षं त्याच पेट्या. तोट्या हातानं सापडायच्या. राहिली सुई. वहिनी म्हणाल्या होत्या की मी आत येते, आकडा वाचून सांगते, कुणाला काय कळतंय. तर म्हणाला, सही माझी, मग आकडाही माझाच पाहिजे. घरी बसून रात्रंदिवस सराव केला. काच काढली, ठिपके लावले, आणि शून्याकडून बोट सरकवत न्यायचा, सुई लागेपर्यंत. कुठला ठिपका मागं पडला, कुठला पुढं राहिला, त्यावरून आकडा.

"मग त्या दिवशी बोलला का नाही?" मी विचारलं. "मी चोर ठरवलं त्याला. एक शब्द बोलला असता तर..."

वहिनी म्हणाल्या, "मीही तेच विचारलं, तुम्ही गेल्यावर. म्हणाले, धाकट्याला राग आला तर तो कामाला लागेल, माझी घरं सांभाळेल. माझे डोळे गेले म्हणून सांगितलं तर इथं उशाशी रडत बसेल, आणि तिकडं कुणीतरी खराब पाणी पिईल."

मला तो चांगला ओळखायचा. मीच त्याला ओळखत नव्हतो.

घरी आल्यावर मी ते गेज दाबाच्या पंपाला लावलं, बाईंच्या झडपेएवढाच दाब भरला, डोळे मिटले आणि दादासारखं बोट सरकवलं. सुई लागली, बोट थांबवलं, चाचपलं. पाच. डोळे उघडले. बोट उचललं तशी सुई सुटून मागं आली आणि साडेतीनावर थांबली. ही सुई केसाएवढी हलकी असते. लोखंडाला हात लावायची सवय असलेल्या माणसाचं बोट, कितीही जपलं तरी दीड आकडा तिला पुढं ढकलतं. दादाला तो शेवटचा दीड आकडा कधी कळलाच नाही. कारण सुई मागं येताना आवाज करत नाही.

पुन्हा केलं. पुन्हा पाच. मग गेज बाजूला ठेवलं.

आता भावासाठी रडायचं की पाण्याचं बघायचं? दादानं उत्तर देऊनच ठेवलं होतं. त्यानं त्या दीड वर्षात तपासलेली चौसष्ट घरं निघाली. त्यांतल्या बऱ्याच घरांच्या तपासणीची पाळी अजून यायची होती. ज्यांची मुदत संपली नव्हती तीही यादीत घेतली, आणि एकेका घरी जाऊन पुन्हा तपासत सुटलो. लोक म्हणायचे, इतक्यात परत? मी म्हणायचो, सहज, इकडून चाललो होतो. चौसष्टातली एकसष्ट बरोबर. त्या झडपांचा आकडा सात, आठ असा भरपूर वर होता, बोटानं ढकलला काय न् न ढकलला काय. तीन काठावरच्या होत्या, त्या चुकल्या. एक मास्तरीणबाईंची, दोन आता मी दुरुस्त केल्या.

आणि चौसष्टच्या चौसष्ट ठिकाणी तोट्यांच्या आट्यांना पिवळं ग्रीस. टोपणं घट्ट.

घरी बसून टॅग पाठवणाऱ्यानं टोपण कशाला काढलं असतं? त्या दिवशी माझ्या बोटाला लागलं होतं ते. मी पँटला पुसलं होतं. डोळे मला होते.

मास्तरीणबाईंकडं मी सगळ्यात शेवटी गेलो. झडप तपासायचं निमित्त होतं, ती आठावरच होती. बाई पेटीजवळ येऊन उभ्या राहिल्या. त्यांचं नातवंड आता चालायला लागलं होतं, फाटकाचे गज धरून उभं. मी म्हटलं, बाई, मागं मी तुम्हाला एक खोटं सांगितलं होतं. माझा दादा इथं आला होता.

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "मीच फाटक उघडलं होतं. तुम्ही सांगू कुठं दिलंत?"

मग त्यांनी सांगितलं. तासभर गुडघे टेकून बसला होता म्हणे. मान आभाळाकडं, आणि हात पेटीत. बाईंना वाटलं देवाचं नाव घेतोय की काय. पाणी विचारलं तर नको म्हणाला. निघताना त्यानं पेन पुढं केलं आणि विचारलं, "बाई, ही शाई काळी आहे ना?"

"मला वाटलं थट्टा करतायत," बाई म्हणाल्या. "मी म्हटलं, काळीच आहे हो. मग त्यांनी सही केली."

मी पेटीचं झाकण लावलं. स्क्रू आट्यात बसेना. बाईंनी नातवंडाला उचललं आणि आत गेल्या. मला वाटतं मुद्दाम गेल्या.

राहिला तो शब्द. काउंटरवर अजून चालूच होता. एक नवा माणूस आला होता, दुसऱ्या गावाहून. त्याला दादा माहीत नाही, मी माहीत नाही, पण पलंगटेस्ट माहीत. मी वहिनींकडं गेलो. म्हटलं, लोकांना खरं सांगावं तर दादानं जे लपवलं ते उघडं पडतं. न सांगावं तर त्याचं नाव असंच घाण राहतं. तुम्ही सांगाल तसं करतो.

वहिनी तांदूळ निवडत होत्या. ताटातला एक खडा काढून बाजूला ठेवला, मग दुसरा. "ह्यांना आता कसली लाज, भावजी?" म्हणाल्या. "सांगा. पण आंधळे होते म्हणू नका. बोटानं वाचायचे म्हणा."

दुसऱ्या सकाळी मी पिशवी घेऊन दुकानात गेलो. सगळे होते. तिथं गेज तपासायचा हातपंप असतो, त्याला दादाचं गेज लावलं, साडेतीनापर्यंत दाब भरला आणि सुईवर हात धरून ती झाकली. जाड्याला म्हटलं, डोळे मिट आणि बोटानं वाच, हे लाल पाच आहे. त्याला वाटलं पैज आहे. हसत हसत बोट सरकवलं. "पाच. पास," म्हणाला. मी म्हटलं, उघड डोळे. सुई त्याच्यासमोरच मागं आली.

"माझा दादा दीड वर्ष असा वाचत होता," मी सांगितलं. "घरोघर जाऊन. पलंगावर बसून नाही. ते मी रागात बोललो होतो, आणि ते खोटं होतं."

मग दुकानदारानं गेज जवळ ओढलं, डोळे मिटले आणि बोट ठेवलं. मग त्याच्या शेजारच्यानं. एकेकानं. पाच, सव्वापाच, पाच. कुणालाच साडेतीन सापडले नाहीत. जाड्या बराच वेळ नेलपॉलिशचा तो ठिपका अंगठ्यानं चाचपत उभा होता.

तिथं तो शब्द बंद झाला. पण शब्द काय त्या काउंटरवरच राहिलेला थोडाच होता? मागच्या महिन्यात मी नाल्याच्या पलीकडं एका नव्या इमारतीत गेलो होतो. तिथं दोन फिटर पाइप जोडत होते, दोघंही माझ्या ओळखीचे नाहीत. एकजण दुसऱ्याला म्हणाला, नीट बघ रे, पलंगटेस्ट नको करू.

मी पिशवी खाली ठेवली. दादाचं गेज बाहेर काढलं. ते मी दुरुस्तीला दिलं नाही, काच बसवली नाही. माझ्या गेजशेजारी घेऊनच फिरतो.

"इकडं ये जरा," मी त्याला म्हणालो. "बोट पूस. आणि डोळे मिट."